सुमेधचं हेल्मेट

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. मध्ये नांदेडला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भुलीत माणूस काहीबाही बरळतो, असं ऐकून होतो. आत नेताना गुडघ्याची फिकीर नव्हती मला — हे तोंडातून निघून जाईल की काय, तीच धास्ती होती. शुद्धीवर आल्या आल्या बायकोला विचारलं, मी काही बोललो का? ती म्हणाली, "हाव. पाणी मागितलं." माझा जीव भांड्यात पडला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे पोटात? सांगतो. पण एकदम नाही जमणार, जरा फिरून येऊ द्या.

आमचं गाव कंधारजवळ. शाळेच्या मागं कबड्डीचं मैदान होतं. मैदान कसलं, काळी माती — उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल. तळ्यातून लाल माती आणून आम्ही ती भरून काढायचो. रेषा मारायला चुना कुठला असणार आमच्याकडं? शाळेत खिचडी शिजवायला शोभाकाकू होत्या, त्यांच्या चुलीची राख आम्ही रेषांना वापरायचो. त्या राखेचा डबा घेऊन रोज त्यांचा मुलगा यायचा. तोच सुमेध. काडीसारखा होता तेव्हा. डबा ठेवायचा आणि रेषेबाहेर उकिडवा बसून सगळा खेळ डोळ्यांनी खायचा. एक दिवस एक गडी कमी पडला आणि मी म्हटलं, ये रे आत.

मी तेव्हा गावच्या संघाचा कॅप्टन होतो. कोपऱ्यात उभा राहून पकड करायचो, आणि माझ्या हातातला पाय सहसा सुटायचा नाही. त्या दिवशी त्या काडीनं माझ्या हाताखालून डुबकी मारली आणि मी उठेपर्यंत मध्यरेषेवर बोट टेकवून हसत उभा. सगळं मैदान मला हसलं. मला राग यायला पाहिजे होता, पण लई आनंद झाला. त्या संध्याकाळी मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो आणि काकूंना म्हणालो, हा पोरगा मला द्या.

पुढची वर्षं — काय सांगू — माझ्या आयुष्यातली तीच वर्षं मला आजही पुरतात. माझा गुडघा गेला, मी रेषेबाहेर आलो, पण मला कधी बाहेर आल्यासारखं वाटलं नाही. पहाटे त्याला तळ्याच्या बांधावर पळवायचो. शेंगदाणे-गूळ खिशात घेऊन मी सायकलवर मागं, तो पुढं, आणि दम टिकवायला पळतानाच "कबड्डी कबड्डी" चालू. बांधावरच्या म्हशीसुद्धा त्याला ओळखायच्या. चढाईला जाताना तो वाकून आधी रेषेला हात लावायचा, मग कपाळाला. मी एकदा विचारलं, काय करून राहिला रे, देवळात चाललास काय? तर म्हणाला, "राख आईची हाय ना दादा."

तो जिल्ह्याकडून खेळला. लातूरला कॉलेजात गेला, तिथं रोज तालीम. राज्याच्या निवडीला त्याचं नाव गेलं होतं. येण्या-जाण्यासाठी जुनी मोटारसायकल घेतली. काकू आधी नाहीच म्हणाल्या. मग कबूल झाल्या, पण स्वतः नांदेडला जाऊन लाल हेल्मेट घेऊन आल्या. त्यांचा एकच कायदा होता. "मैदानात काय मोडायचं ते मोडू दे बाबा, रस्त्यावर न्हाई." तो निघाला की त्या स्वतः त्याच्या हनुवटीखाली पट्टा लावायच्या. कट् असा आवाज आला की मगच किल्ली हातात द्यायच्या. एवढा दांडगा गडी, मान खाली घालून उभा राहायचा.

आम्ही त्याची लई चेष्टा करायचो. आमच्या रस्त्यांवर हेल्मेट घालतंय कोण? आणि चेष्टेत पुढं मीच असायचो. हंडा घेऊन पाण्याला निघाला काय? डोक्यात अंडी हायत काय? तो हसायचा, पण काढायचा नाही. कोपऱ्यावर गेल्यावरही नाही. "आईला कळतंय दादा. कसं कळतं मालूम न्हाई, पण कळतंय." हे वाक्य लक्षात ठेवा. कारण पुढं मी याच्या बरोबर उलटं बोललो आहे.

दसऱ्यानंतर अहमदपूरकडच्या एका गावात सामने होते. आमचा संघ क्रुझरनं गेला, मी माझ्या गाडीवर, आणि सुमेध लातूरहून परस्पर त्याच्या गाडीवर आला. अंतिम सामना शेवटच्या चढाईवर आला होता. समोर साखळी धरलेले गडी, आमचा हा एकटा आत. कसा निसटला ते मला आजही डोळे मिटले की दिसतं. माती, धुरळा, आणि त्यातून लांब झालेलं त्याचं बोट मध्यरेषेवर.

मंडपात त्याचं नाव पुकारलं. त्या गावच्या पाटलांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. गुलाबी, जरीचा, पाठीवर रुळणारा शेमला. तुम्हाला यात काय विशेष वाटणार? आमची घरं ओढ्यापलीकडची. जयंतीला आम्ही निळे फेटे बांधतो, ते आमचे आम्ही, एकमेकांना. पण दुसऱ्या गावात, भर मंडपात, माईकवर बापाचं नाव घेऊन आमच्या पोराच्या डोक्याला मानाचा फेटा — हे मी पहिल्यांदा बघत होतो. मी इतकी वर्षं खेळलो, गुडघा घालवला, माझ्या डोक्याला कुणी चिंधीसुद्धा बांधली नव्हती. मी रडलो. खोटं कशाला सांगू?

आमच्याकडं मानाचा फेटा वाटेत उतरवत नाहीत. तसाच घालून घरी जायचं आणि आईच्या पायाशी उतरवायचा. मी लगेच गावात फोन केला, वेशीवर हलगी आणून ठेवा, आम्ही दिवस मावळायच्या आत येतोय. वेशीतून पाटलांच्या गल्लीनं, चावडीवरून, सगळ्या गावाला दाखवत मला त्याला ओढ्यापलीकडं न्यायचं होतं. तो पुढं आणि मी मागं. बघा म्हणावं, कुणी घडवला. हो, हेही मनात होतंच. तेच जास्त होतं की काय, मला खरंच सांगता येत नाही.

क्रुझर ढाल घेऊन मागून येणार होती. आम्ही दोघं आपापल्या गाड्यांवर निघालो. सुमेधनं आरशाला अडकवलेलं हेल्मेट हातात घेतलं. फेट्यावर ते बसणार कसं? म्हणाला, "दादा, फेटा अलगद काढून पिशवीत ठेवतो, वेशीजवळ परत घालतो." किती सोपं होतं. फेटा टोपीसारखा निघतो, टोपीसारखा बसतो. मलाही ते माहीत होतं.

मी म्हणालो, मोडंल तो. एकदा काढलेला फेटा तसा बसत न्हाई. आणि मानाचा फेटा वाटंत काढतंय का कुणी?

तो तिथंच घुटमळला. "आईनं..." एवढंच म्हणाला. मी त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं — ओढून नाही, अगदी प्रेमानं घेतलं — आणि माझ्या गाडीच्या हँडलला अडकवलं. म्हटलं, आज एक दिवस. आईच खूश होईल बघ.

एवढंच असतं तर कदाचित मी आधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पण आणखी आहे.

कंधारच्या रस्त्याला लागलो. उतरतं ऊन, दोन्ही बाजूला काढणी झालेली रानं. तो पुढं, शेमला मागं उडतोय, आणि मी मागून बघून बघून खूश होतोय. वारा सुटला. फेटा एका बाजूला कलायला लागला. त्यानं गाडी हळू केली, थांबायच्या बेतात होता तो. आणि मी गाडी त्याच्या बरोबरीनं घेऊन ओरडलो, "थांबू नको, उशीर होतोय. धर, एका हातानं फेटा धर!"

त्यानं ऐकलं. लहानपणापासून त्यानं माझं सगळं ऐकलं. डावा हात डोक्यावर, उजवा हँडलवर.

पुढच्या वळणावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. आमच्याकडं त्या दिवसांत अर्धा रस्ता सोयाबीनच असतो, त्यात नवल नाही. सुमेधला ते दिसलं, मला दिसायच्याही आधी. पण दाण्यांवरून सरकणारी गाडी एका हातानं आवरता येत नाही. वेग काही फार नव्हता. त्याच्या हातापायाला धड खरचटलंही नव्हतं. फक्त डोकं दगडावर गेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोच फेटा सोडून रक्त दाबत बसलो. माझ्या गाडीच्या हँडलला हेल्मेट हलत होतं. दवाखाना यायच्या आधीच तो गेला.

क्रुझर पोचली तेव्हा मी हेल्मेट तिथल्याच एका रिकाम्या पोत्यात घालून गाडीला बांधलं होतं. कधी बांधलं? रडता रडताच बांधलं असणार. माणूस रडत असताना एवढी हुशारी कुठून आणतो?

दवाखान्यात काकू आल्या. त्या आधी रडल्याही नाहीत. माझ्या दंडाला धरून त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "हेल्मेट कुठं हाय त्याचं?"

आणि मी म्हणालो, "तो घालतच नव्हता, काकू. तुमच्यासमोर घालायचा, पुढं जाऊन काढायचा. आम्ही लई सांगितलं."

त्यांचा हात माझ्या दंडावरून खाली आला. लेक गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतंच, त्यावर आणखी काहीतरी आलं. ते मी आणलं होतं.

आता दरवर्षी त्याच मैदानावर त्याच्या नावानं सामने होतात. भरवतो मी. सुरुवातीचं भाषणही माझंच असतं: पोरांनो, हेल्मेट घाला, आपला सुमेध आज असता. लोक डोळे पुसतात. मला चांगला माणूस समजतात.

यंदा काकूंना बोलायचा आग्रह झाला. त्या कधी माईकसमोर गेलेल्या नाहीत. हात पदराला पुसत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं लेकरू गुणाचं व्हतं. फकस्त मला फसवायचं. म्या पट्टा लावायची अन् ते कोपऱ्यावर काढायचं. तुमी तुमच्या आईला असं फसवू नका रे बाबांनो." मग खाली बसल्या. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. त्या म्हणाल्या, "तूच तेवढा खरं बोललास बाबा, बाकी सगळे माझं मन राखत व्हते."

लेक तर गेलाच होता. पण जो आठवायला उरला, तोही मी त्यांना खोटाच दिला. रोज चुलीसमोर बसून काकू त्या फसवणाऱ्या पोराला आठवत असतील.

यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. म्हणून उद्या जाईन, सांगेन, असं इथं लिहीत नाही. हेल्मेट माळ्यावर आहे, त्याच पोत्यात. त्यावर ओरखडाही नाही.

सुमेधनं आईला कधी फसवलं नाही. त्या दिवशी वळणाच्या थोडं आधी, वारा सुटला तेव्हा, त्यानं मान वळवून मला विचारलं होतं, "दादा, हेल्मेट देता का?" मी ऐकलं होतं. ऐकूनच ओरडलो होतो.