होनोरातची हाडं

क्रेसेन्झ ही घरातली सहावी मुलगी. हुंडा द्यायला नको म्हणून बापाने तिला मठात नेऊन टाकली. थोरामोठ्यांच्या लेकी तिथे सज्जात बसून प्रार्थना गात. ही खाली भांडी घासायची.

मठाच्या चर्चमध्ये छतभर रंगवलेला स्वर्ग होता, खांबाखांबावर गुबगुबीत सोनेरी देवदूत होते. लोक लांबून बघायला येत. क्रेसेन्झचा जीव मात्र डाव्या वेदीखालच्या काचेच्या पेटीत. तिथे रोमहून आणलेला संत होनोरातचा सांगाडा पहुडलेला होता. त्याची जरीची वस्त्रं शिवायचं काम तिच्याकडे आलं आणि तिच्या जन्माचं सोनं झालं. बोटांच्या हाडांवर मोती टाचताना ती हळूच विचारायची, "गार लागतंय का रे?"

बव्हेरियाच्या सरकारने मठ बंद केले तेव्हा ती म्हातारी झाली होती. जप्तीला आलेल्या सरकारी कारकुनांनी पेटी फोडून मोती ओरबाडले. मठाच्या प्रमुख, थोरल्या आईसाहेब, गाडीत चढताना म्हणाल्या, "रडतेस काय? हाडंच ती. तुझं तू बघ आता."

ती माहेरी गेली, पण भावाने दार उघडलं नाही. ती परत आली.

चर्च लिलावात कोर्बिनियान खाटकाने घेतलं होतं. खांबांना मांस टांगायचे आकडे ठोकले होते, देवदूतांच्या गळ्यात आतडी वाळत होती.

"दादा, तेवढी हाडं द्या हो मला."

"म्हातारे, नवरा सोडवत नाही होय?" त्याची माणसं खिदळली. "हिवाळाभर इथलं रक्त धू. ईस्टरला घेऊन जा तुझा दादला."

गुडघे टेकून तिने हिवाळा काढला. थंड पाण्याने हात फुटले, तिचंही रक्त फरशीवर सांडलं, तेही तिनेच पुसलं.

ईस्टरला ती धुतलेलं फडकं घेऊन आली.

"अगं, ती तर सरसवाल्याने नेली," कोर्बिनियान म्हणाला. "गुरांच्या हाडांबरोबर, उकळून सरस करायला."

"केव्हा?"

"तू आलीस ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुला कळलं असेल वाटलं मला."

ती तिथेच बसली.

"बसलीस काय? बैल कापायचाय आज."

जायला जागा नव्हती. तिने बादली उचलली.

वाटेत बायका रिवाजाने म्हणत, "देव भलं करो, क्रेसेन्झबाई." पूर्वी ती मान लववायची. आता थांबून विचारायची, "कुणाचं?"

हळूहळू त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.