सोनीआत्याचा गोळ्यांचा डबा

सोनीबाई कात्रीनं गोळ्यांची पट्टी कापत व्हती अन् कुंपणापल्याड वस्तीवरचा गेणू सुतळीचा गुंडा काखेत धरून खोकत उभा व्हता. तिनं त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या. बरं वाटलं की खायच्या बंद कर, उरल्या तर माघारी आण, म्हणली. गेणू जाता जाता म्हणला, आत्या, आता दाराला पाटी लाव डॉक्टरीनबाईची.

पारगावाकडच्या त्या वस्तीवर तशी रीतच व्हती. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की माणूस ताप उतरंस्तवर खायचा. उरलेल्या सोनीबाईच्या बिस्किटाच्या डब्यात. पुढं ज्याला ताप येईल त्याला त्यातनं. चांगल्या गोळ्या उकिरड्यावर कशाला टाकायच्या? ती रंगावरनं द्यायची. लाल-काळी खोकल्याला, पिवळी पोटाला, पांढरी लांबोडी लघवीच्या जळजळीला. कुणाकडनं एक रुपया घेतला न्हाई कधी. नवरा गेल्यावर ती भावाकडं ऱ्हायला आली, अन् भावाचं पोरगं आदेश तिनंच वाढवलं. आदेशनं नववीतनं शाळा सोडली, आता टोमॅटोची पिकअप नारायणगावच्या मार्केटला नेतो. आत्याबद्दल कुणी वाकडं बोललं की तो आधी बाह्या वर करतो अन् मग विचारतो, काय म्हणला?

गेल्या साली साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं अन् त्याच हप्त्यात आत्या कुडकुडायला लागली. जळजळ लई दिवसांची व्हती, पण असलं दुखणं सांगायचं कुणाला? तिनं पांढऱ्या लांबोड्या खाल्ल्या, मग पिवळ्या, मग दोन्ही मिळून. आदेश क्रेट उतरवून घरी आला, तर ती त्याला मेलेला नवरा समजून शिव्या देत व्हती. शिव्या ऐकून त्याला आधी हसू आलं. मग अंगाला हात लावला अन् हसू गेलं. त्यानं तिला गोधडीसकट उचललं, पिकअपात पुढं बसवलं अन् थेट मंचर गाठलं.

तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर उज्ज्वला मॅडमनी सलाईन लावायच्या आधी बाटल्यांत रक्त घेतलं. म्हणल्या, जंतू रक्तात उतरलेत. हे रक्त आता पेरायचं, जंतू उगवू द्यायचे अन् कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं. तवर एक इंजेक्शन चालू केलं, पण ताप काय हटंना. आत्या आदेशला नवराच समजत ऱ्हायली.

दोन दिवसांनी मॅडमनी मोबाईलवर फोटो दाखवला. गोल ताटलीत जंतूंची साय पसरलेली, तिच्यावर औषधाच्या बारक्या चकत्या. औषध चाललं तर चकतीभवती मोकळं कडं पडतं. आदेशनं बघितलं. चकत्या ढीगभर, कडं एकच.

मॅडम हळू आवाजात म्हणल्या, "हे एकच ऱ्हायलंय. आजच सुरू करते. ह्याचा उपयोग झाला न्हाई, तर माझ्या हातात दुसरं काय न्हाई."

मग त्यांनी समजावलं. त्या नवीन आल्या तवा रक्तात जंतू म्हणजे बहुतेक टायफॉईड, तरण्या पोरांना, अन् साध्या औषधानं उतरायचा. आता येतात ती म्हातारी माणसं, शुगरवाली, लघवीतनं जंतू रक्तात गेलेली. अन् तीच साधी औषधं जंतू पचवून बसलेत, कारण माणसं अर्धवट खाऊन सोडतात. अर्धमेला जंतू सगळं शिकून घेतो.

"म्हणजे टोमॅटोवरच्या अळीवानी," आदेश म्हणला. "फवारा कमी मारला की दुसऱ्या वर्षी अळी औषधात आंघोळ करती."

मॅडम म्हणल्या, अगदी तसंच. तवा कुठं त्याच्या डोळ्यांपुढं तो बिस्किटाचा डबा आला.

नवीन औषध चालू झालं तवा आत्या जरा भानावर व्हती. मॅडमनी तिला बी चकत्या अन् कड्याचं समजावलं. तवा ती आदेशला म्हणली, मला बी दाखीव तो फोटो. आदेशनं आपल्या मोबाईलवर घेतलेला फोटो लांबनंच फिरवला.

"चष्मा कुठंय तुझा? भरपूर औषधं चालत्यात. मॅडम म्हणत्यात, कुठलं देऊ न् कुठलं नको."

"मग तू कशाला रडतो?"

"कांद्याची गाडी भरून आलोय," तो म्हणला. त्याच्या गाडीत कांदा कधीच नसायचा, टोमॅटोच.

ताप हळूहळू उतरला. एका सकाळी आत्यानं त्याला आदेश म्हणून हाक मारली अन् चहा पाणचट म्हणून नर्सला सुनावलं. अन् लगीच घरी जायचं काढलं. बरं वाटतंय, सुई काढा, उरलेली इंजेक्शनं बांधून द्या, वस्तीवर कुणाला तरी लागतीलच.

"एक बी इंजेक्शन बांधायचं न्हाई," आदेश म्हणला. "सगळी तुझ्याच अंगात जाणार. मधनं उठलीस तर मी पिकअप घेऊन जातो, तू ये चालत."

ती रुसली, पण सगळी घेतली. घरी आल्यावर तिनं डबा मॅडमच्या टेबलावर नेऊन उपडा केला. आता त्यात शेव असती. गेणू परत खोकत आला, तर तिनं त्याला दवाखान्यात धाडलं अन् वर म्हणली, कोर्स संपला की रिकामी पट्टी मला आणून दाखवायची. आता सगळ्या वस्तीला तोच जाच हाय. शेजारची प्रतिभा म्हणती, आत्या आधी वाटायची, आता वसूल करती. गेणू तर पट्टी दाखवताना जीभ बी वर करून दाखवतो.

आदेशला वाटत व्हतं आपण आत्याला लई बेमालूम फसवलं. गेल्या महिन्यात भीमाशंकरला जाताना आत्याची मैत्रीण प्रयागबाई गाडीत त्याच्या शेजारी बसली व्हती, तवा तिच्याकडनं कळलं. आजारपणाच्या आधीच मोतीबिंदू काढला, तवापासून आत्याला लांबचं चष्म्याबिगर लख्ख दिसतं. कडं एकच हाय हे तिला तवाच दिसलं व्हतं, पण पोरगं आधीच रडत व्हतं, म्हणून ती बोलली न्हाई.