करडईच्या वासाची गाडी

सोलापुरात मी टिकलो ते मिस्त्रीमामांमुळे, आणि सोलापुरात मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर तोही मामांचाच. त्यांच्याइतका संतापी माणूस अख्ख्या पृथ्वीवर नसेल. सातवीत शाळा सोडलेला, पत्रा ठोकण्याखेरीज काही न येणारा मी कोकणातून येऊन त्यांच्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ते पहिल्यांदा खेकसले, “जेवलास का? न्हाई? मग माझं तोंड काय बगतोस!” आणि भाकरीचा डबा जवळजवळ अंगावरच फेकला.

मामा ट्रकच्या इंजिनातल्या डिझेल पंपांचे मिस्त्री. ते उन्हावर चिडत, सैल नटावर चिडत, शेंगांची चटणी तिखट कमी पडली तर जेवणावरून उठत. पण खरा राग शेटलोकांच्या पळत्या गाड्यांवर. “स्पोर्ट्स कार म्हंजे शेटच्या पोरानंच चालवायची व्हय? मास्तराच्या, कंपाउंडरच्या कानाला वारं लागू नये का?” या रागापोटी त्यांनी एक जुनी घरगुती गाडी आणली, तिचं छप्पर कापलं आणि मला सांगितलं, “कोकण्या, हिला जमिनीला चिकटव.” मी ठोकून ठोकून बुटकी, लांब नाकाची बॉडी केली.

मग इंजिनाला पेट्रोल पाजणाऱ्या कार्बोरेटरची पाळी. “ही चहाची किटली हाय! कुणाच्या कपात किती, काय हिशेबच न्हाई.” प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल मिळावं म्हणून त्यांनी डिझेलचाच पंप बसवला. पण त्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल पडलं कोरडं. पंप जाम झाला. मामांनी पेट्रोलला दिवसभर शिव्या दिल्या आणि संध्याकाळी टाकीत करडईचं तेल ओतलं. गाडी पळाली! फक्त धुराला तळणाचा वास येई. विजापूर नाक्यावर थांबलो तर एका म्हाताऱ्यानं वाकून विचारलं, “भजी कशी दिली?” मामा पाना घेऊनच खाली उतरले.

एवढ्यावर भागेना. मोडीत निघालेल्या डंपरचा टर्बो त्यांनी उचलून आणला. जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबायचं ते यंत्र. आमच्या इवल्याशा इंजिनाच्या धुरानं तो जागा होईस्तोवर मोहोळ गाव यायचं. मी भीत भीत म्हटलं, “मामा, हिला लहान टर्बो पाहिजे.”

“व्हय, तुज्या कोकणात झाडाला लागत्यात न्हवं? आन जा तोडून!”

लहान टर्बो द्यायला निघाले ते टॉवेल कारखान्याचे धाकटे मालक. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि आत बसल्या बसल्याच म्हणाले, “मिस्त्री, टर्बो विलायतेहून मागवतो. अशा पुष्कळ गाड्या काढू. फक्त हा पत्रेवाला नको. गावठी काम आहे. बॉडी मुंबईची घेऊ.”

घरची वाट मी भांडून आलो तेव्हाच बंद केली होती. मामा ओरडत नाहीत म्हटल्यावर मला जास्तच भीती वाटली. त्यांनी गाडीच्या नाकावरून एकदा हात फिरवला.

“धाकटे मालक, पंप जाम झाला, टर्बो झोपलाय. हितं पयल्या फटक्यात जमला तो पत्राच. त्योच तुमाला नको.”

“नीट विचार करा.”

“केला की. उतरा. आनि दार हळू लावा, त्येनं बनवलंय.”

मालक गेल्यावर मीच भडकलो. “मला विचारायचंत तरी, मामा! गेलो असतो की मी कुठंतरी.”

“कुटं?” मामा गरजले. “कुटं गेला असतास? बोल की!”

राग तेवढा राहिला. त्या मालकावर, आणि न विचारता मला एवढं देऊन टाकणाऱ्या मामांवर.

आता तो डंपरचा टर्बो गॅरेजचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली लावलेला असतो. मामा त्या गाडीतून मंडईत जातात, करडईच्या वासासकट. पण हल्ली चिडणं कमी झालंय. परवा चटणी अगदीच सपक होती, मुकाट्यानं जेवले. ते मला बघवत नाही.

मुंबईच्या बंदरावरून ट्रक आला की मी ड्रायव्हरला लहान टर्बोचं विचारतो. हसतात. हसू देत. एक दिवस तो आणून मामांच्या मांडीवर ठेवणार आहे आणि सांगणार आहे, “झाडाला लागला होता, तोडून आणला.” मग काय ओरडायचं ते ओरडू देत.