बाहीतला झेंडू

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मला अंकुशनगरच्या मांडवातला तो म्हातारा जादूगार आठवतो. गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यात कामगारांच्या घरच्यांसाठी एक खेळ व्हायचा आणि एप्रिलच्या उकाड्यातही त्याच्या काळ्या कोटाला हाच वास असायचा. तो कुणाला भीती दाखवायचा नाही, कुणाची टिंगल करायचा नाही. लेकरांना हसवण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. एका वर्षी पाच महिने कारखान्यात दिवसरात्र पाळ्या करून मी माझ्याच सहा वर्षांच्या मुलीला परका झालो होतो. जवळ घ्यायला गेलो की ती आईकडे पळायची. जादूगारानं तिला मंचावर बोलावलं, "ये गं माय, कानात काय लपवलंस?" म्हणत कानामागून झेंडूचं फूल काढलं, आणि ती त्याच्या गुडघ्याला बिलगून खदखदून हसली. माझा नुसता जळफळाट झाला. मी उभा राहून ओरडलो, "बाहीतून काढलं त्यानं! मी पाह्यलं!" सगळा मांडव हसला. म्हाताऱ्यानं शांतपणे बाही वर केली. आत आणखी दोन फुलं होती. "बराबर पकडलं, साहेब," म्हणत त्यानं मला हात जोडले, पण पुढच्या खेळाला त्यानं एकाही लेकराला वर बोलावलं नाही. घरी जाताना मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्हाला हे येत व्हतं, तर माझ्यासाठी कधीच का न्हाई काढलं फूल?" मला ती जादू येत नव्हती, फक्त तिचं ते हसू त्याच्या वाट्याला गेलेलं बघवलं नाही, हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.