उण्याची वायर

बेल्जियममधल्या आमच्या मेखेलेन गावात मनोऱ्यावरच्या घंटा लुटगार्ट वाजवते. दोऱ्या ओढून नव्हे, ओळीने लावलेल्या लाकडी दांड्यांवर मुठी हाणून. लग्नाच्या आधीपासून हाणतेय, म्हणून उजव्या कोपराची वाट लागली. आता मे महिन्यात मेरीमातेच्या मूर्तीची मिरवणूक, आणि मिरवणुकीच्या मंडळाने कळवलं होतं, हात बरा नसेल तर यंदा घंटा यंत्र वाजवील.

"यंत्र वाजवणार? मग मिरवणुकीत मेरीमातेचीही फोटोकॉपीच फिरवा!" लुटगार्ट कडाडली.

डॉक्टरांनी तिला घरी वापरायला एक छोटी पेटी दिली होती. सुजेच्या औषधात भिजवलेली पट्टी कोपरावर, मिठाच्या पाण्याची दंडावर, आणि दोन्हींमधून अगदी बारीक विजेचा प्रवाह. सुई न टोचता औषध कातडीतून आत. पण आठवडा झाला तरी कोपर ठणकतच होतं. शेवटी मला, तिच्या मैत्रिणीला, सोबत घेऊन ती फिजिओथेरपिस्ट आनेलोरकडे गेली.

"औषधाच्या पट्टीला कुठली वायर लावता?" आनेलोरने विचारलं.

"लाल. अधिकची."

"अहो, काळी लावायची! उण्याची."

लुटगार्ट चिडलीच. आमच्या डच भाषेत उण्याला 'मिन' म्हणतात, आणि हलक्या, कोत्या माणसालाही 'मिन'च. "दुखऱ्या हाताला मी 'मिन' चिकटवू? आधीच काय कमी उणं आहे त्यात?"

"पण तुमचं औषधच उणं आहे. त्याच्या कणांवर उणा भार असतो. उणं उण्याला लांब ढकलतं, तेव्हा ते कातडीत शिरतं. अधिक त्याला ओढून धरतं."

"म्हणजे आठवडाभर ते पट्टीतच लोळत पडलं?"

"मजेत!"

"अगं बाई! उण्याने उण्याला हाकलायचं. माझ्या दोन नणंदा एका स्वयंपाकघरात, तसंच की!" आम्ही तिघी खो खो हसलो. लगेच तिथेच वायरी बदलल्या. कोपराला मुंग्या आल्या तशी ती ओरडली, "निघालं! निघालं बघ आत!" मी मनातल्या मनात हात जोडले.

पेटी रोज चालली. हळूहळू किटली उचलवली, मग मूठ वळली, मग टेबलावर थापा सुरू झाल्या. शेजारी वैतागले. मंडळाच्या माणसांसमोर तिने एक अख्खी धून वाजवून दाखवली.

मिरवणुकीच्या दिवशी बाजारचौकात मी मान वर करून उभी. मेरीमाता वळणावर आली, आणि वरून उजव्या हाताच्या बारीक घंटा अशा काही सुटल्या, भरभर, एकीच्या अंगावर एक! यंत्राला अशी घाई कुठून येणार? बायकांनी रुमाल उडवले. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

ती धापा टाकत जिना उतरली. मी विचारलं, "कोपर?"

"दुखतंय थोडं," ती लालबुंद चेहऱ्याने म्हणाली, "पण वाजवलं मी!"