आठच्या आठ आकडे

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, गणितं करतात. नोकरीच तशी आहे. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. खोलीत पलंगापेक्षा कागद जास्त. चादरी कमी-जास्त झाल्या तर दारातूनच ओळखतील अशी नजर, पण चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतील. काम काय करता असं कुणी विचारलं, तर एकच शब्द: "मोजते."

मला मात्र त्यांनी एकदा भांडी विसळता विसळता समजावलं होतं. दूर कुठेतरी जमिनीखाली एक भलंमोठं यंत्र आहे. त्यात अणूहूनही बारीक कण प्रचंड वेगाने समोरासमोर आपटतात, आणि त्या चुऱ्यात कधी न पाहिलेला एखादा नवा कण आहे का ते शोधतात. "अगं, पाहुणा आला हे कळायला घरचे किती ते आधी नेमकं माहीत नको का?" घरचे, म्हणजे ओळखीचे कण किती वेळा दिसणार, हे कागदावर आधीच काढायचं, ते वन्संचं काम. आकडा कमी निघाला तर घरच्यालाच पाहुणा समजतील. जास्त निघाला तर खरा पाहुणा दारात उभा असूनही म्हणतील, हे तर आपलेच.

म्हणून ह्या कामाची एक रीत आहे. तेच गणित दोघांनी, वेगवेगळ्या वाटेने, एकमेकांना न सांगता करायचं. शेवटी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. वन्संचे जोडीदार दुसऱ्या शहरात असतात, कॉलेजपासूनचे मित्र. वन्सं त्यांना मास्तर म्हणतात, कारण कॉलेजात ते सगळ्या वर्गाला शिकवायचे आणि स्वतः नापास व्हायचे. दर रविवारी दोघांचा फोन. गुडघे, दात, शेजाऱ्यांचं भुंकणारं कुत्रं. कामाचा मात्र दोन वर्षांत एक शब्द नाही.

परवाच्या गुरुवारी उत्तरं उघडायची होती. सोमवारी आकडा यंत्रवाल्यांकडे जायचा होता, मग ते आपली बंद ठेवलेली मोजणी उघडणार होते. मी सकाळी देवापुढे जरा जास्तच वेळ बसले आणि चहा घेऊन वन्संच्या खोलीत गेले. पडद्यावर दोन ओळी होत्या. वाचायला काय, मलाही येत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत आठच्या आठ आकडे सारखे!

"जुळले की हो!" मी ओरडलेच. "देव पावला!"

वन्संचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जुळायला नको होते," त्या म्हणाल्या.

"अहो, असं काय बोलता? दोन वर्षं ह्याच्याचसाठी तर..."

"चार जुळायला हवे होते. पाचवा जुळला तर नशीब. आठ नाहीत." माझं तोंड बघून म्हणाल्या, "मोठ्या मैदानात एक तळं आहे समज. ते केवढं आहे हे काढायला तू डोळे मिटून लाखभर खडे फेकलेस आणि तळ्यात किती पडले ते मोजलेस. मग मी लाखभर फेकले. कॉम्प्युटर असंच करतो. आपले आकडे जवळ येतील. पण शेवटच्या खड्यापर्यंत तेच कसे येतील?"

"मग?"

"मग तू खडे फेकलेच नाहीस. माझा आकडा उतरवून घेतलास."

वन्संनी फोन लावला आणि टेबलावर उघडाच ठेवला.

"मास्तर, शेवटचे चार कसे जुळले?"

पलीकडे आधी दार लावल्याचा आवाज. मग, "माझा तिसराच आकडा जुळत नव्हता गं."

"जुळत नाही हे तुला कसं कळलं?"

"दोघांच्या फाइली एकाच ठिकाणी ठेवतो ना, तिथली तुझी उघडली. आठ महिने झाले. म्हटलं, म्हातारा झालो, डोकं चालत नाही. रोज माझी चूक शोधायचो. सापडायचीच नाही. शेवटी म्हटलं, तिचं बरोबर असणारच. तुझं कधी चुकलंय?"

मी पलंगाच्या कडेवर टेकले. चोरी म्हणावी तर माणसाने स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. भक्ती म्हणावी तर अंगावर काटा आला होता.

"दोन वर्षं मला वाटत होतं, पलीकडून कुणीतरी येतंय," वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "मी एकटीच चालत होते होय रे?"

"चुकलं माझं."

"तुझं जुनं उत्तर आहे?"

"आहे. टाकवलं नाही."

"पाठव."

शुक्रवार गेला. शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. समोर एकच कागद, त्यावर पेन्सिलचा गोल.

"हे दोन कण बघ. दोघे अगदी सारखे, अदलाबदल केली तरी कळायचं नाही. हा आणि तो. तो आणि हा. मी दोन जोड्या धरल्या. जोडी एकच आहे."

"एवढंच?"

"एवढंच. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात." आणि हसल्या. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायची इच्छा नाही. "पाहुणा येऊन दारात उभा राहिला असता आणि मी म्हटलं असतं, आमचाच आहे."

म्हणजे मास्तरांचं बरोबर होतं! आठ महिने बरोबर उत्तर हातात धरून तो माणूस स्वतःला मूर्ख म्हणत बसला होता. मी म्हटलं, "मग आता जुळलं ना? पाठवा की."

"आता कसलं जुळणं? आता दोघांनाही एकमेकांचं माहीत आहे. ज्याला काहीच माहीत नाही असा तिसरा माणूस हवा. वर्ष जाईल."

"आणि सोमवार?"

त्यांनी कागदाची घडी घातली. रविवारी फोन वाजला, वाजत राहिला. वन्सं त्याच्याकडे बघत बसल्या, उचलला नाही.

सोमवारी यंत्रवाल्यांच्या प्रमुखांचा फोन आला. मी दारात उभी होते. "नाही, आकडा देत नाही," वन्सं म्हणाल्या. "चुकलाय. चूक माझी... हो, माझीच. दुसऱ्याचा बरोबर होता, पण त्याने तो टाकून माझा उतरवला... का?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कारण मी कधी चुकत नाही, असं मी त्याला वाटू दिलं. दोन्ही लिहून घ्या."

फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला.

"मास्तर, तू बरोबर होतास हे सांगितलं. उतरवलंस हेही सांगितलं."

पलीकडून आवाज नाही.

"बोलू नकोस हवं तर," वन्सं म्हणाल्या. "पण ठेवू नकोस."

मी दार ओढून घेतलं. अर्ध्या तासाने डोकावले, तर त्या तशाच बसल्या होत्या, फोन कानाला लावून, एक शब्दही न बोलता.