पंगतीतून उठण्याची तयारी

९ जून २०२५ रोजी वाल्मिक सोनवणे यांनी एक हजार आठशे पन्नास रुपयांचे पळायचे बूट घेतले. घरी आल्यावर वाकून नाड्या बांधता येईनात, म्हणून बूट कपाटात गेले.

वाल्मिक म्हणजे सगळ्यांचे नाना, अमळनेरचे बी.कॉम. वय सत्तावन्न. लिंबायत या कापडकामगारांच्या वस्तीत, एका लूमखात्यात म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, चौतीस वर्षं हिशेब लिहीत होते. "माग रात्रंदिवस हलतात. मी तेवढी स्थावर मालमत्ता," असं ते स्वतःच सांगत.

बूट घ्यायचं कारण गेल्या श्रावणात घडलं होतं. कानबाई देवीच्या सणाचे रोट खायला सगळी भावकी जमिनीवर बसली होती. सोनवण्यांकडे वडीलधारा उठल्याशिवाय पंगत उठत नाही, आणि वडीलधारे होते नाना. सगळ्यांचे खरकटे हात वाळले तरी नाना उठेनात. डावा हात टेकून झाला, उजवा टेकून झाला. शेवटी दोन पुतण्यांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. माग चालवणारा धाकटा चुलतभाऊ सुकलाल म्हणाला, "काय नाना, क्रेन बलावू का?" बायका पदराआड हसल्या.

यंदा कानबाई नानांच्याच घरी बसणार होती.

सून योगिता फिजिओथेरपिस्ट. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला धावायचं नाही, उठायचंय. हात न लावता खुर्चीवरून वीस बैठका. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा."

नानांनी गुणाकार केला. आठवड्याच्या साठ. रविवारी साठही एकदम भरल्या की सहा दिवस मोकळे! त्यांनी आगाऊ भरणा केला आणि संध्याकाळी मिशीला पीळ देत हिंडले.

मंगळवारी ते जिना उलट्या तोंडाने, कठडा धरून उतरले. संडासात बसले ते देवाचं नाव घेऊनच.

"शुं कर्युं आ, पप्पा? हे काय करून बसलात?" गुजरातीत शिकलेल्या योगिताने कपाळाला हात लावला. "स्नायू म्हणजे बँक नाही. जास्त काम पडलं की त्याचे धागे थोडे दुखावतात. खाली बसताना अंग सावरून धरावं लागतं ना, तेव्हा तर जास्तच. मग विश्रांतीत ते सांधले जातात आणि पहिल्यापेक्षा घट्ट होतात. तुम्ही सांधायला वेळच दिला नाहीत."

"म्हणजे सुटीचा दिवसही कामाचाच?"

"हो. तुमच्या मालकाला नका सांगू."

दुखणं ओसरल्यावर नाना शिस्तीने एक दिवसाआड बसले-उठले. महिन्याभरात खुर्चीवरून सहज उठू लागले. खुशीत त्यांनी टेपने मांडी मोजली. एक सूतही वाढली नव्हती.

"हे कसलं बळ? दिसत तर नाही."

"जाडी नंतर वाढते, पप्पा. खात्यात चोवीस माग असून दहाच चालत असतील, तर माल वाढवायला आधी काय कराल?"

"बंद असलेले चालू करू."

"तेच झालंय. मेंदू आता जास्त धाग्यांना कामाला लावायला शिकला."

"मग इतकी वर्षं बंद का होते?"

"ऑर्डरच नव्हती."

नानांनी खुर्चीकडे पाहिलं. चौतीस वर्षांत ऑर्डर आली होती ती फक्त चहाची.

कानबाईचा रविवार आला. पंगत जेवली. बायका नानांकडे वळल्या. सुकलालने मुद्दाम आपले दोन्ही हात पुढे केले, "या नाना!"

नानांनी हात छातीशी बांधले. एक पाय मागे घेतला, गुडघा टेकला, मांडी थरथरली. अर्ध्यावर तोल गेला आणि उजव्या हाताचं एक बोट जमिनीला लागलं. पण ते उठले. त्यांच्या मागोमाग सगळी पंगत उठली.

"बोट टेकनं, नाना!" सुकलाल ओरडला.

"गेल्या वर्षी दोन पुतणे टेकले होते," नाना म्हणाले. "नऊ बोटं तरी वाचली." या वेळी सुकलालच आधी हसला.

सोमवारी विसर्जन होतं. त्या दिवसाच्या वीस बैठका नानांकडून अजून येणे आहेत.